'सौम्य' यांस, मुक्काम ट्यूबची पुढची बाजू

श्री. रा. रा. 'सौम्य' यांस,
मु. पो. ट्यूबची पुढची बाजू, हसऱ्या बाळाच्या फोटोखाली.

सप्रेम नमस्कार, वि. वि.

पत्रास कारण की, गेल्या अडीच वर्षांत तुम्ही आमच्या डोंबिवलीच्या घरी अकरा वेळा येऊन गेलात. बाथरूमच्या फळीवर तुमच्या ट्यूबा, बाटल्या, डब्या गणपतीच्या आरतीला उभ्या राहाव्यात तशा दाटीवाटीने उभ्या आहेत. गुलाबी, आकाशी, पिस्ता. प्रत्येकीवर एक गुटगुटीत बाळ हसते आहे. आमची चिऊ मात्र रात्री दोनला उठून कोपराची लवण ओरबाडत बसते. तिने एकदा त्या फोटोकडे बोट दाखवून विचारले, "बाबा, याला कुठे खाजतंय?" मला काही सांगता आले नाही. तुम्ही त्याच्या इतके जवळ राहता, तुम्हाला ठाऊक असेल.

आपली ओळख वासावरून झाली. झाकण उघडले की घरात येणारी प्रत्येक मावशी-आत्या म्हणायची, "अगं बाई, कसा बाळाचा वास येतो!" खरे सांगू का, बाळाला तसा वास येत नाही. चिऊला आजवर दुधाचा, वरणभाताचा आणि एकदा शेजारच्या कुत्र्याचा वास आला आहे. तुमचा तो 'बाळाचा वास' कारखान्यात तयार होतो आणि मागच्या बाजूला 'पर्फ्यूम' या एका शब्दात आटोपतो. त्या एका शब्दाआड डझनावारी पदार्थ मावू शकतात. क्रीममधून होणाऱ्या ॲलर्जीच्या नेहमीच्या कारणांत सुगंधाचा नंबर फार वरचा आहे. म्हणजे सौम्यपणा आमच्या नाकासाठी आणि पुरळ चिऊच्या अंगावर, अशी तुमची वाटणी. 'अनसेंटेड' नावाचे तुमचे एक भावंडही आणून पाहिले. त्यात मूळ वास झाकायला दुसरा वास घातलेला असू शकतो, हे नंतर कळले. शोधायचा शब्द 'फ्रेग्रन्स-फ्री' असा होता. मराठी शाळेत शिकलेल्या माणसाला या दोन शब्दांतला फरक कोण सांगणार?

तुमच्या कुळाची थोडी चौकशी केली, राग नसावा. थोरले बंधू 'हायपोॲलर्जेनिक' यांचे प्रकरण अमेरिकेत कोर्टापर्यंत गेले होते. १९७५ मध्ये तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने नियम काढला की हा शब्द छापायचा तर आधी माणसांवर चाचणी करून दाखवा. दोन प्रसाधन कंपन्यांनी त्याला आव्हान दिले आणि १९७७ मध्ये अपील न्यायालयाने नियमच रद्द केला. तेव्हापासून तिथे या शब्दाला कायद्यातली व्याख्या नाही. बंधुराज मोकळे. मेहुणे 'डर्मॅटॉलॉजिकली टेस्टेड' तर त्याहून हुशार. तपासले, एवढेच सांगतात. निकाल काय लागला ते विचारायचे नाही. आमच्या चाळीत एक मुलगा दर वर्षी असाच म्हणायचा, "पेपर दिलाय."

आणि धाकट्या भगिनी, 'नैसर्गिक'. यांच्याविषयी जपून लिहितो, कारण आमच्या आईचे यांच्याशी फार सूत आहे. पण बिब्बा नैसर्गिकच असतो आणि खाजकुइलीसुद्धा. दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला आईने चिऊला उटणे लावले. घरचे, चाळलेले, आंबेहळद-नागरमोथा-कपूरकाचरी घातलेले. उटण्याचा दोष नाही, ते धडधाकट कातडीसाठी आहे. पण संध्याकाळी कंदील लागेपर्यंत चिऊ कंदिलाहून लाल झाली होती. आईने त्याच दिवशी वांगे बंद केले. उष्णता, म्हणाली. वांगे बिचारे दीड वर्ष शिक्षा भोगत होते.

मागची बाजू वाचायला घेतली तेव्हा मोबाइलचा कॅमेरा भिंगासारखा धरावा लागला. तिथे एक नाव सापडले : मिथाइलआयसोथायझोलिनोन. पहिल्या दमात उच्चारणाऱ्याला माझ्याकडून वडापाव. क्रीम टिकवण्यासाठी हे घालतात. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या संपर्क-त्वचादाहाच्या तज्ज्ञांच्या संस्थेने याला 'वर्षातला ॲलर्जीकारक' म्हणून निवडले आणि युरोपात २०१७ पासून, लावून न धुता ठेवायच्या क्रीममध्ये याला बंदी आहे. आमच्या फळीवर हे तुमच्या पोटात होते आणि पुढे तुमचेच नाव सोनेरी अक्षरांत.

तुम्ही कामाला आला नाहीत, तेव्हा एका मेडिकलवाल्याने चिठ्ठी न मागता एक छोटी ट्यूब पुढे सरकवली. "हे लावा साहेब, दोन दिवसांत साफ." दोन दिवसांत खरेच साफ झाले. थांबवले तसे चौथ्या दिवशी दुप्पट उसळले. आत जोरदार स्टिरॉइड, बुरशीचे औषध आणि जंतूंचे औषध अशी मिसळ होती, फक्त पाव नव्हते. त्वचेवर लावायची १४ स्टिरॉइडे केंद्र सरकारने २०१८ मध्ये शेड्यूल एचमध्ये नेली, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकायची. तो कागद त्या दुकानापर्यंत अजून पोचायचा असावा.

यावरून कुणी स्टिरॉइडला खलनायक करू नये. शेवटी गाठलेल्या त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी तेच दिले, पण हलके, ठरावीक जागी आणि मोजून. मोजायचे कसे तर मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या शेवटच्या पेराएवढी रेघ. साधारण अर्धा ग्रॅम भरते आणि मोठ्यांच्या, बोटांसकट, दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते. चिऊला आठवड्यात झोप लागली. आम्हालाही.

बाईंनी आजाराचे नाव सांगितले तेही साधे निघाले : इसब. कातडी ही गच्चीसारखी असते, म्हणाल्या. काही मुलांच्या गच्चीचे वॉटरप्रूफिंग जन्मापासून कच्चे असते. आतले पाणी उडून जाते आणि बाहेरचे नको ते आत झिरपते. यामागे बऱ्याचदा फिलाग्रिन नावाच्या प्रथिनाच्या जनुकातला दोष असतो, हे स्कॉटलंडमधल्या डंडीच्या संशोधकांनी २००६ मध्ये दाखवले. माझ्या वडिलांचा दमा आणि माझ्या सकाळच्या शिंका त्याच घराण्यातल्या. आईने हे ऐकून माझ्याकडे असे पाहिले की मी वांग्याच्या जागी आलो.

मग बाईंनी विचारले, "क्रीम किती लावता?" मी अत्तराचा फाया लावावा तसे बोट करून दाखवले. त्या हसल्या. ब्रिटनच्या मार्गदर्शक सूचनांत इसब असलेल्या मुलाला आठवड्याला २५० ते ५०० ग्रॅम मलम द्यावे असे आहे. तुमची नाजूक ट्यूब ५० ग्रॅमची. म्हणजे आठवड्याला पाच ते दहा तुम्ही. तेवढ्यात गॅलरीचे प्लास्टर होईल.

आता आमच्याकडे एक मोठा डबा आहे. पेट्रोलियम जेली. पेनसिल्व्हेनियातल्या तेलविहिरींच्या दांड्यांवर जमणाऱ्या मेणकट गाळापासून रॉबर्ट चेसब्रो यांनी ती काढली आणि १८७२ मध्ये पेटंट घेतले. म्हणजे पावसाळ्याआधी आम्ही गच्चीला जे डांबर फासतो, त्याची ही गोरी चुलतबहीण. डब्यावर बाळ नाही, फूल नाही. कोमट पाण्याने आंघोळ, टॉवेलने टिपणे, घासणे नाही आणि तीन मिनिटांच्या आत पोळीला तूप लावावे तशी सढळ हाताने जेली. मे महिन्यात मात्र तिच्याखाली घाम कोंडून घामोळे आले, म्हणून तेवढ्यापुरते बिनवासाचे पातळ लोशन आणले. तेही आधी आठवडाभर मनगटाच्या वर छोट्याशा जागी लावून पाहिले. इतकी चौकशी मी स्वतःच्या लग्नात केली नव्हती.

चिऊने डब्यात नाक घालून हुंगले आणि म्हणाली, "बाबा, याला वासच नाहीये." तिला ते आवडलेले नाही. गुलाबी ट्यूब हवी आहे.

तुमच्या अकरा ट्यूबा मी फेकलेल्या नाहीत, पैसे पडले आहेत. त्यातली मोगऱ्याची मी दाढीनंतर वापरतो आणि ऑफिसात माझ्याकडे लोक वळून बघतात.

कळावे. लोभ थोडा कमी असावा, ही विनंती.

आपला,
चिऊचा बाबा

ता. क. : उत्तर धाडणार असाल तर ट्यूबच्या मागच्याच बाजूला छापा, पण मराठीत छापा आणि अक्षर जरा मोठे काढा. माझा चष्मा गेल्याच महिन्यात बदलला आहे.