साथ कोणाला करता?

कर्जतजवळच्या कोंडाणे लेण्यांतल्या चैत्यगृहावर, दर्शनी बाजूच्या एका भग्न मूर्तीपाशी, ब्राह्मीत एक ओळ कोरलेली आहे: कान्हाचा शिष्य बालक याने हे केले. लेणं इसवी सनापूर्वीचं. आपल्याकडच्या बहुतेक लेण्यांत पैसे देणाऱ्यांची नावं सापडतात, इथे चक्क छिन्नी चालवणाऱ्याचं आहे. आधी गुरूचं आणि मग स्वतःचं. मैफलीची निवेदिका आजही कलाकाराची ओळख याच क्रमानं करून देते. फरक एवढाच की बालकाला कुणी विचारलं नसावं, ‘ते ठीक, पण साथ कोणाला करता?’

व्हायोलिनवाल्या तरुणाला हा प्रश्न चुकत नाही. सहाव्या-सातव्या वर्षी छोटं व्हायोलिन हातात येतं. पुढची दहा वर्षं शेजारी सोसतात. मग विशारद, मग आकाशवाणीची ऑडिशन, आणि मग गायकाच्या बाजूला बसून त्याचीच तान अर्ध्या श्वासानंतर वाजवणं. पत्रिकेत नाव तबल्याच्या खाली. एखाद्या दिवशी त्याला एकट्याला बसवलंच, तर सर्वांत मोठी दाद काय? ‘अगदी गळ्यासारखं वाजवलंत हो!’ म्हणजे वाजवणाऱ्यानं न वाजवल्यासारखं वाजवलं की तो पास.

याला परंपरा आहे. गजाननराव जोशी (१९११–१९८७) व्हायोलिनचे मोठे उस्ताद. श्रीधर पार्सेकर त्यांचे शिष्य. बुवा गातही तसेच. कर्जत लोकल ज्या डोंबिवलीवरून जाते, तिथं त्यांनी पुढे उल्हास कशाळकरांसारखे गवई घडवले. आज चारचौघांना विचारा, बुवा आठवतात ते गवयांचे गुरू म्हणून. व्हायोलिनवर गायकी आणणाऱ्या एन. राजम यांचे गुरू ओंकारनाथ ठाकूर, तेही गवईच. राजम यांची मुलगी संगीता शंकर आणि नाती रागिणी, नंदिनी, सगळ्या व्हायोलिनवादक. तेव्हा करिअर करायचंच असेल तर आजी नीट निवडावी.

पाश्चात्य शास्त्रीयकडे वळलात तर? मेहली मेहतांनी १९३५ साली मुंबईत सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला, आणि पन्नाशीच्या दशकात स्वतः मँचेस्टरच्या हॅले ऑर्केस्ट्रात जाऊन बसले. गोव्याच्या अँथनी गोन्साल्विसांनी सिंफनीचे मनोरे रचले. देशाला ते ठाऊक झाले ‘माय नेम इज अँथनी गोन्साल्विस’ गात अंड्यातून बाहेर पडणाऱ्या अमिताभमुळे. त्या गाण्याच्या संगीतकार जोडीतले प्यारेलाल त्यांचे शिष्य. या शिष्याला व्हिएन्नाला जाऊन वादक व्हायचं होतं. लक्ष्मीकांतनी थांबवलं. हिंदी सिनेमाचं भलं झालं, व्हिएन्नाचं त्यांनी पाहून घ्यावं. २००६ साली मुंबईच्या एनसीपीएत सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया सुरू झाला. संगीत दिग्दर्शक कझाकस्तानचे मरात बिसेनगालिएव्ह, वादकही बरेचसे तिकडचेच. मुंबईचा मुलगा परदेशी ऑर्केस्ट्रात, परदेशी वादक मुंबईत. आयात-निर्यात उत्तम चालू आहे.

राहिलेल्यांसाठी कर्जत आहे. बालकाच्या लेण्यापासून खाली उतरलं की फार्महाऊसं लागतात, आणि फार्महाऊस म्हटलं की लग्न. नवरी येताना ‘लाइव्ह व्हायोलिन’ हवं असतं. काळा सूट, पांढरं व्हायोलिन, वायर न जोडता वाजणारं. इव्हेंटवाला विचारतो, ‘सर, चालत चालत वाजवता येईल ना? ड्रोनमध्ये बरं दिसतं.’ यमन वाजवू का म्हटलं तर, ‘सॅड नाही ना?’ वीस वर्षांच्या रियाजाची परीक्षा चार मिनिटांत आटोपते, कारण नवरी तेवढ्यात स्टेजवर पोचते. नाकं मुरडू नका. इथे पैसे आगाऊ मिळतात, जेवण मिळतं, परतीची गाडीही मिळते. सांस्कृतिक मंडळं शाल देतात. शालींचा ईएमआय अजून कुठली बँक घेत नाही.

डिसेंबरात पुण्यात सवाई गंधर्व महोत्सव, आणि डिसेंबरातच कर्जतला लग्नांचा हंगाम. सवाईकडून फोन आलेला नाही. फार्महाऊसचा अ‍ॅडव्हान्स आला आहे. तबलजीला सोबत आणू का, असं विचारल्यावर उत्तर आलं, ‘नको सर, मागे ट्रॅक लावतो. तुम्ही फक्त साथ द्या.’