छाटणी दोनदा होते

आमच्याकडे द्राक्षाची गोडी छाटणी चालू आहे. काडी कापली की टोकाला पाण्याचा थेंब जमतो, टपकतो, लगेच दुसरा येतो. छाटणाऱ्यांच्या मागून बायका काडीच्या डोळ्यांना पेस्ट लावत पुढे सरकतात. हातात मोजे, तोंडाला स्कार्फ, कारण त्या पेस्टचा वास डोक्यात जातो. परवा या बायकांच्या मागे एक पोरगा हिंडत होता. शेजारच्या गुरुजींचा धाकटा. पुण्यात थिऑलॉजी शिकतोय. बी.डी. झालं, आता एम.टीएच. सुट्टीला आला की बागेत चक्कर मारतो.

‘प्रबंधाला विषय काय घेतलास?’

‘ख्रिस्ती धर्मविचार आणि समकालीन संस्कृती, काका.’

‘कुणाची संस्कृती?’

तो गप्प झाला. मग मोबाइलवर प्रकरणांची यादी दाखवली. पहिलं प्रकरण जर्मनीचं, दुसरं अमेरिकेचं, तिसऱ्यात युरोपातली चर्चं ओस का पडली ते. चौथ्यात भारत, तोही मॉलचा आणि इंटरनेटचा. सगळं इंग्रजीत. पोरगा इथल्या मराठी शाळेत शिकला, नीरा डाव्या कालव्यात पोहायला शिकला, घरी उपासना मराठीत, आईची प्रार्थना मराठीत. त्या यादीत यातलं काहीच नव्हतं.

त्याचा राग आला नाही. त्याला कुणी विचारलंच नाही की बाबा रे, तू कुठून आलास, याचा आला.

मी वारकरी घरातला. दर आषाढात तुकोबांची पालखी काटेवाडी, सणसर करत, बेलवडीचं रिंगण आटोपून आमच्या लासुर्ण्यावरून पुढे जाते. तेव्हा ख्रिस्ती प्रबंधाशी माझा काय संबंध, असं कुणी म्हणेल. संबंध भाषेचा आहे. मराठीत देवाबद्दल जो जो गंभीरपणे विचार करेल तो माझा गाववाला आहे. आणि हा ख्रिस्ती विचार मराठीत चारशे वर्षं चाललेला आहे, त्याला कुणी परका समजू नये.

पोराच्या दुसऱ्या प्रकरणात रिचर्ड नीबूर होता. अमेरिकेत येलला शिकवणारा. 1951 साली त्याने ‘ख्राइस्ट अँड कल्चर’ लिहिलं आणि ख्रिस्त व संस्कृती यांच्या नात्याचे पाच प्रकार सांगितले: संस्कृतीच्या विरोधातला ख्रिस्त, संस्कृतीतलाच ख्रिस्त, तिच्या वरचा, तिच्याशी कायम ताणात राहणारा आणि तिला बदलणारा. पुस्तक मोलाचं आहे, त्यावर जगभर वाद झाले, पोराने ते वाचलंच पाहिजे. मी एवढंच विचारलं, नारायण वामन टिळकांना यातल्या कुठल्या खणात ठेवशील? तुकारामांच्या पुलावरून मी ख्रिस्ताकडे आलो, असं सांगणारा हा माणूस. 1895 साली बाप्तिस्मा घेतला. अभंग रचले, कीर्तनं केली. 1917 मध्ये मिशनची चाकरी सोडून साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ उभा केला आणि त्यात बाप्तिस्मा घेतलेले नि न घेतलेले दोघेही एकत्र बसावेत असं ठरवलं. पोरगा म्हणाला, ‘काका, ते पाचातल्या एकातही पुरे बसत नाहीत.’ मग? जो माणूस खणात बसत नाही, त्याच्यावरच तर प्रबंध लिहायचा असतो.

आता खरी गंमत इथे आहे की मराठीत या प्रश्नावर एक मत नाही, भांडण आहे. आणि भांडण आहे म्हणजे शास्त्र जिवंत आहे. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट 1579 मध्ये गोव्यात आला. 1616 साली त्याचं ख्रिस्तपुराण रायतूरला छापून झालं. ग्रंथाचं नाव पुराण, छंद ओवीचा, स्वर्गाला शब्द वैकुंठ. त्याने आपल्या श्रोत्यांचे शब्द निःशंकपणे उचलले. तीनशे वर्षांनी पंडिता रमाबाई नेमकं उलट करतात. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये बसून त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि आख्खं बायबल मराठीत आणलं. संस्कृत त्यांच्या जिभेवर होतं, कलकत्त्याच्या पंडितांनी त्यांना ‘सरस्वती’ पदवी दिली होती. तरी त्यांनी जड संस्कृत शब्द बाजूला ठेवले. शास्त्रांतले ठरीव अर्थ घेऊन येणारे शब्द त्यांना नको होते, आणि आश्रमातल्या दुष्काळातून आलेल्या बाईला ऐकताक्षणी कळेल अशी मराठी हवी होती. मुक्तीतल्याच बायकांनी खिळे जुळवले, छपाई केली. एप्रिल 1922 मध्ये रमाबाई गेल्या. बायबल 1924 साली बाहेर आलं.

एकाच भाषेत एक म्हणतो वैकुंठ घ्या, दुसरी म्हणते घेऊ नका. दोघांची कारणं पक्की आहेत. संस्कृतीशी धर्माचं नातं काय, हा प्रश्न याहून नेमका कुठे मांडलाय? आणि तो मांडणाऱ्या रमाबाईंचं केडगाव आमच्याच जिल्ह्यात, तुकोबांची पालखी यवतहून वरवंडला जाते त्याच वाटेवरच्या चौफुल्यापासून जवळ. पोराने शब्द कसे निवडले जातात याचं जर्मन उदाहरण दिलं होतं. केडगावला तो कधी उतरला नव्हता.

इंग्रजीचा हा भार आला कुठून, तेही बघू. बी.डी., एम.टीएच. या पदव्यांचं मूळ बंगालमधल्या सेरामपूरला आहे. विल्यम केरी आणि त्याच्या सोबत्यांनी 1818 साली तिथे कॉलेज काढलं, 1827 मध्ये डेन्मार्कच्या राजाने पदव्या देण्याची सनद दिली. आजही देशातल्या कितीतरी सेमिनऱ्या या सेरामपूरच्या सेनेटला जोडलेल्या आहेत. पण त्या केरीने स्वतः काय केलं? 1805 मध्ये मराठीचं व्याकरण छापलं, 1810 मध्ये कोश, 1811 मध्ये मराठी नवा करार. वैजनाथ पंडितांना शेजारी बसवून शिकला. इंग्लंडातला चांभार मराठीचे कारक आणि क्रियापदं जुळवत बसला. त्याच्या नावाच्या परंपरेत शिकणाऱ्या मराठी पोराने मराठी टाळावी, हे मला फार लागतं.

पुण्याला तर कशाची कमी नाही. रामवाडीचं ज्ञानदीप विद्यापीठ 1893 मध्ये श्रीलंकेत कँडीला सुरू झालं आणि 1955 साली पुण्यात आलं. बिबवेवाडीची युनियन बिब्लिकल सेमिनरी 1983 पर्यंत यवतमाळला होती. देशभरातून मुलं येतात. नागालँडचा, केरळचा, झारखंडचा मुलगा एका वर्गात बसतो, तेव्हा इंग्रजीत शिकवावं लागतं, हे मला मान्य आहे. पोरगाही तेच म्हणाला, ‘सर मराठी वाचत नाहीत, काका. परीक्षक तर बाहेरचे.’ अडचण खरी आहे. पण वर्ग इंग्रजीत चालणं वेगळं आणि विचार मराठीत न होणं वेगळं. त्यावर उपाय निघतो. गी दलरी नावाचा फ्रेंच जेझुइट पुण्यात आला, मराठी शिकला, वारीत पायी चालला, 1956 मध्ये तुकोबांना फ्रेंचमध्ये नेलं आणि 1960 साली डेक्कन कॉलेजने त्याचा विठोबावरचा इंग्रजी ग्रंथ छापला. तो आधी चालला, मग त्याने लिहिलं. आमच्या पोराला वारी दारातून दिसते.

अरविंद निर्मलांचं नाव मात्र त्याला पाठ होतं. निर्मल महाराष्ट्रातले, दलित ख्रिस्ती घरातले. 1981 साली बंगळुरूच्या व्याख्यानात त्यांनी शूद्रांच्या थिऑलॉजीची मांडणी केली आणि त्यातून पुढे दलित थिऑलॉजी उभी राहिली. आज जगातल्या सेमिनऱ्यांत ती शिकवतात. त्याआधी नऊ वर्षं, 1972 मध्ये, मुंबईत दलित पँथर उभी राहिली होती आणि मराठी कवितेने ‘दलित’ या शब्दाला ताठ कणा दिला होता. निर्मलांनी इंग्रजीत लिहिलं ते बरोबरच केलं, तमिळ-तेलुगू वाचकांपर्यंत ते गेलं पाहिजे होतं. पण ज्या मातीतून शब्द गेला तिथे विचार परत यायला हवा ना? खुद्द थिऑलॉजीला आपण मराठीत कुणी ईश्वरविज्ञान म्हणतो, कुणी ईशज्ञान म्हणतो. एक शब्दही अजून नीट बसवलेला नाही. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो ‘सुबोध बायबल’ मराठीत देऊन 2024 साली गेले. 2020 च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले तेव्हा ते धर्मगुरू आहेत म्हणून काहींनी विरोध केला. मराठीत लिहिणारा ख्रिस्ती माणूस दोन्हीकडून एकटा पडतो, सेमिनरीतही आणि आपल्या साहित्यातही. हे आपलंही पाप आहे.

मराठीत विचार केल्याने काय मिळतं, ते मी पोराला रस्त्यावर नेऊन दाखवलं. आता ऊसतोडीच्या टोळ्या उतरतील. बीडच्या, नगरच्या. भवानीनगरच्या कारखान्याकडे गाड्या लागतील, रानात कोप्या पडतील. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि हंगाम संपला तरी ती फिटत नाही, पुढच्या वर्षी बाकीसकट परत यायचं. आता येशूने शिकवलेली प्रार्थना बघा. इंग्रजीत चर्चमध्ये ती म्हणताना पुष्कळ ठिकाणी अपराध, आगळीक या अर्थाचा शब्द येतो. मत्तयाच्या मूळ ग्रीकमध्ये शब्द आहे देण्याचा, कर्जाचा. येशूच्या बोलीत, अरामीत, पाप आणि कर्ज यांना एकच शब्द चालायचा. मराठी बायबलाने तो धरून ठेवलाय: ऋण. आमच्याकडची ख्रिस्ती म्हातारी रोज देवाला ऋण सोड म्हणते, आणि तिच्या दारावरून उचल न फिटलेला कोयता जातो. त्या इंग्रजी शब्दात हे दोन रस्ते भेटतच नाहीत. मराठीत ते एकाच ओळीत आहेत. पोरगा बराच वेळ बोलला नाही.

बागेत परत आल्यावर त्याने योहानाच्या पंधराव्या अध्यायाचा विषय काढला, तिथे देव माळी आहे आणि वेलीचे फाटे साफ करतो. ग्रीक क्रियापदाचा अर्थ छाटणं आणि स्वच्छ करणं असा दुहेरी आहे, हे त्याने मला सांगितलं. मला ते फार आवडलं. मी त्याला आमचं सांगितलं. भूमध्य समुद्राकडे थंडीत वेल झोपते आणि वर्षातून एकदा छाटतात. आमच्याकडे वेल झोपत नाही, म्हणून छाटणी दोनदा. एप्रिलात खरड छाटणी: माल उतरला की ओलांड्यावर एक-दोन डोळे ठेवून सगळं कापायचं. त्या छाटणीला फळ येत नाही. नुसती काडी येते, आणि उन्हाळ्याच्या तापात त्या काडीच्या डोळ्यात पुढचा घड धरतो, बाहेरून दिसतही नाही. मग ऑक्टोबरात गोडी छाटणी, तेव्हा तो घड फुटतो. ज्याने फळ दिलं त्यालाच खरडून काढायचं आणि सहा महिने नुसती काडी सांभाळायची. पोराने विचारलं, ‘हे कुठल्या टीकेत आहे?’ कुठल्याच नाही. ते बोरीच्या, लासुर्ण्याच्या शेतकऱ्याच्या हातात आहे. तूच लिही.

दुपारी बायका जेवायला बसल्या. भाकरी, ठेचा, एकीच्या डब्यात वांगं. पोराने त्यांना द्राक्षमळ्यातल्या मजुरांची गोष्ट सांगितली. मालकाने पहाटे मजूर आणले, दुपारी आणले, दिवस मावळायला तासभर असताना आणले, आणि सगळ्यांना सारखाच एक दिनार दिला. सकाळचे चिडले. पुस्तकांत या गोष्टीचं स्पष्टीकरण देवाची उदार कृपा असं येतं, आणि ते तो सांगणार होता. त्याआधीच एक जण म्हणाली, ‘मग त्यात काय? आमचं उक्तंच असतं. एकराचं ठरतं, आम्ही सारखं वाटून घेतो. हिचं पोरगं तापलं होतं, ही दहाला आली. म्हणून हिला कमी द्यायचं का?’ जी उशिरा आली होती ती भाकरी मोडत होती, तिने मान वर केली नाही.

पोराने वही उघडली आणि मराठीत लिहायला लागला.

टोळीतली सगळ्यात थोरली बाई पाणी पिऊन उठली, मोजे चढवले, आणि त्याच्याजवळ थांबून विचारलं, ‘आन् दुसऱ्या दिवशी काय झालं रे? सकाळच्या वेळेला आलं का कुणी कामाला?’

गोष्टीत ते दिलेलं नाही. त्याने प्रश्न तसाच उतरवून घेतला, ‘आन्’ सकट.