झाकली मूठ सव्वा लाखाची

मुळशी तालुक्यात श्रीमंत माणूस ओळखायला फार कष्ट पडत नाहीत. ज्याच्या नावावर पूर्वी जमीन होती आणि आता नाही, तो श्रीमंत. पांढरी फॉर्च्युनर, तिच्या नंबरात एकाच आकड्याची चार भावंडं, गळ्यात बैलाला शोभेल अशी साखळी, आणि कडक इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टाखाली, उजव्या अंगाला, पट्ट्याच्या जरा वर एक फुगवटा. बाकीचा ऐवज पुणे जिल्ह्यात कुठंही बघायला मिळेल. फुगवटा खास. त्या फुगवट्याच्या मालकाला भूगावपासून पौडपर्यंत सगळे ‘शेठ’ म्हणतात. खरं नाव आहे, पण ते खरेदीखतापुरतं.

शेठ जन्मानं शेठ नव्हते. वडिलांच्या मागं भाताच्या खाचरात चिखलणीला तेही उभे राहिलेत. पुढं हिंजवडीला आयटी पार्क आलं, माण-मारुंजीची शिवारं चौरस फुटांत मोजली जाऊ लागली, आणि एकरात बोलणारा तालुका गुंठ्यावर आला. शेठनी जमीन दिली, बंगला बांधला, पोरीचं लग्न केलं आणि उरलेल्या पैशाची काळजी करायला लागले. त्यांचे पणजोबा १९२१ साली सेनापती बापटांच्या मागं टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रहाला बसले होते, असं घरात सांगतात. ‘जान किंवा जमीन’ ही त्या लढ्याची घोषणा. पणतूनं घोषणेतलं ‘किंवा’ तेवढं उचललं. जमीन दिली. राहिली जान. ती सांभाळायची तर कंबरेला काहीतरी हवंच.

त्यात २०१८ साली ‘मुळशी पॅटर्न’ आला. जमीन विकून देशोधडीला लागलेल्या शेतकऱ्याच्या पोराची ती गोष्ट, आणि शेवट काही चांगला नाही. शेठनी तो सिनेमा पुन्हा पुन्हा पाहिला, पण दरवेळी मध्यंतरानंतर कुणाचा तरी फोन यायचा.

आता कंबरेच्या हत्याराचा परवाना म्हणजे काही किराणा दुकानातून आणायची वस्तू नव्हे. शेठचं राहतं घर पौड ठाण्याच्या हद्दीत, म्हणजे पुणे ग्रामीण. तिथं परवाना जिल्हाधिकारी देणार. हिंजवडीचं ऑफिस पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालयात. ते आयुक्तालय २०१८च्या पंधरा ऑगस्टला सुरू झालं, तिथं सही आयुक्तांची. जिवाला धोका नेमका कुठल्या हद्दीत आहे, यावर शेठच्या पोरांनी ढाब्यावर दोन रात्री चर्चा केली. शेवटी राहत्या घराला धोका, असं ठरलं.

खरी अडचण पुढं आली. चौकशीला आलेल्या हवालदारानं विचारलं, “शेठ, धोका कुणापासून?”

“सगळ्यांपासून.”

“एकाचं नाव सांगा की.”

शेठ गप्प. जत्रेची वर्गणी सगळ्यात मोठी त्यांची. गावातल्या पोरांच्या वाढदिवसाचा केक त्यांचा, तलवारही त्यांचीच. तालमीला बदाम त्यांचे. भूगावला २०१७ साली महाराष्ट्र केसरी झाली तेव्हा पाहुण्या पैलवानांना घरी नेऊन जेवू घालणारे ते. अशा माणसाला शत्रू आणायचा कुठून? म्हणायला एक चुलतभाऊ होता. बांधावरून त्याच्याशी दावा चालू आहे, पण तारखेला दोघं एकाच गाडीतून जातात आणि येताना पिरंगुटला मिसळ खातात. शेठनी त्यालाच गळ घातली, “दादा, मला एक धमकी दे ना. लेखी.” दादानं धमकीचे दोन गुंठे मागितले. सौदा फिसकटला.

अखेर एका जाणत्या वकिलानं मार्ग काढला. शत्रू दाखवलाच पाहिजे असं नाही. धंद्याच्या स्वरूपामुळं जीव आणि मालमत्ता जपायची खरी गरज असेल, तर २०१६च्या शस्त्र नियमांनुसार अर्जाचा विचार होतो. शेठचा धंदा जमिनीचा, व्यवहार लाखांचे, येणंजाणं रात्रीबेरात्री. गरज कागदावर उभी राहिली. मग शस्त्र हाताळण्याचं प्रशिक्षण झालं. पाठोपाठ शरीर आणि मन ठिकाणावर असल्याचा डॉक्टरचा दाखला आला. तो दाखला शेठच्या बायकोनं, म्हणजे वहिनींनी, लॅमिनेट करून ठेवलाय. भांडणात काढतात.

परवाना हातात पडला त्या दिवशी गावात पेढे वाटले गेले, आणि दुसऱ्या दिवशी शेठ पोरांसकट पुण्यातल्या शस्त्रांच्या दुकानात दाखल झाले. तिथला प्रवेश मी पोरांच्या तोंडून ऐकलाय, आणि पोरं शेठच्या माघारी खोटं बोलत नाहीत.

“नाइन एमएम दाखवा.”

“ते मिळत नाही, शेठ. तो बोअर प्रतिबंधित आहे. पोलीस आणि लष्कराचा. तुम्हाला पॉइंट बत्तीस.”

“बत्तीस म्हणजे नऊपेक्षा मोठंच की!”

दुकानदारानं वाद घातला नाही. त्यानं काउंटरवर मखमल अंथरली. कानपूरचं सहा गोळ्यांचं रिव्हॉल्वर ठेवलं. ईशापूरच्या कारखान्याचं ‘अशनी’ पिस्तूल ठेवलं. वेब्लीचं रिव्हॉल्वर काढलं तेव्हा शेठचे डोळे चमकले. विलायती नाव! पण ते उत्तर प्रदेशात हरदोई जिल्ह्यात तयार होतं म्हटल्यावर चमक गेली. खरं विलायती हवं असेल तर जुनं हवं; ऐंशीच्या दशकात खासगी आयात थांबली, तेव्हापासून जुन्या वॉल्थरबिल्थरला गुंठ्याचा भाव आलाय. शेठनी तो विचार सोडला. गुंठा विकायचा असतो, कंबरेला बांधायचा नसतो, एवढा व्यवहार त्यांना कळतो.

मग दुकानदार मुद्द्यावर आला. “रोज अंगावर वागवायचंय ना? मग वजन बघा. पाऊण किलो लोखंड दिवसभर पट्ट्याला लटकलं की पँट खाली येते. पिस्तूल चपटं असतं, अंगाला चिकटून बसतं, पण त्याची निगा लागते. मॅगझिन, स्प्रिंग, सगळं साफ ठेवावं लागतं. रिव्हॉल्वरचं चाक जाड, शर्टाखाली टोचतं, पण यंत्र साधं. वर्षभर कपाटात पडलं तरी कुरकुर करत नाही. आणि खरं सांगू? लपवून वागवायला ‘निर्भीक’सारखं दुसरं नाही. टायटॅनियमचं, फक्त पाचशे ग्रॅम.”

शेठनी हातात घेतलं. तळहातात मावलं. हलकं, गुळगुळीत, सुबक. चेहरा खुलला. तेवढ्यात एका पोरानं माहिती पुरवली, “शेठ, हे कानपूरवाल्यांनी २०१४ साली खास बायकांसाठी काढलं. दिल्लीच्या त्या निर्भयाच्या नावावरून.”

शेठनी ते इस्त्री गरम लागावी तसं खाली ठेवलं. त्या वेळी त्याची किंमत एक लाख बावीस हजार होती, हेही त्या पोरानं सांगितलं. म्हणजे मूठ झाकायची म्हटलं तरी सव्वा लाख, आणि तीही बायकांची. वहिनी सोबत होत्या. त्या म्हणाल्या, “मग मला घ्या की. धोका मलाच जास्त आहे, रात्री दार मी उघडते.” यावर दुकानात कुणीच काही बोललं नाही.

शेवटी शेठनी विचारलं, “लहान पाहिजे, लपलं पाहिजे, पण लपलंय हे कळलं पाहिजे. असं काय आहे?”

दुकानदाराची हयात या धंद्यात गेलेली. त्यानं कानपूरचं रिव्हॉल्वर दिलं आणि त्याच्यावर एवढं जाडजूड चामड्याचं म्यान चढवलं, की फुगवटा दुप्पट झाला. सौदा जागेवर पटला. काडतुसांच्या बुडाला ‘केएफ’ अशी अक्षरं होती. शेठना ती परदेशी कंपनी वाटली. ती खडकीची निघाली. १८६९ सालचा आपला पुण्यातलाच दारूगोळा कारखाना. शेठचा मामा तिथून निवृत्त झालाय. “म्हणजे मामानंच बनवली असतील,” म्हणत शेठनी परदेशी वैभवाचा निरोप घेतला.

इथून पुढं शेठचं खरं कसब सुरू होतं. २०१६च्या नियमांत स्पष्ट लिहिलंय की सार्वजनिक जागी रिव्हॉल्वर म्यानात आणि पूर्ण झाकलेलं हवं. ते कुणापुढं परजायचं नाही, लग्नकार्यात उडवायचं नाही. नाहीतर परवाना जातो. थोडक्यात, सरकार म्हणतं दिसता कामा नये, आणि शेठ म्हणतात दिसलंच नाही तर लाखभर रुपये कशाला घातले? या दोन मतांचा मेळ शेठ दिवसभर अंगानं घालत असतात. ते नमस्कार छातीपाशी करत नाहीत, डोक्याच्या वर करतात. शर्ट बरोबर चार बोटं उचलला जातो. चहाच्या टपरीवर वरच्या फळीवरची खारी तेच काढतात. सत्यनारायणाला गेले तर प्रसाद घ्यायला वाकताना उजवी बाजू पाहुण्यांकडं ठेवतात. कायद्याच्या भाषेत शस्त्र झाकलेलंच असतं. शर्ट आपला आपण वर जातो, त्याला शेठ काय करणार?

त्रासही कमी नाही. पंगतीत मांडी घालून बसलं की नळी मांडीत रुतते. गाडीत सीटबेल्ट आणि म्यान एकमेकांत गुंततात, आणि टोलनाक्यावर पाकीट काढताना शेठ इतके वळवळतात की टोलवाला आधीच हात वर करतो. हिंजवडीच्या मॉलमध्ये यंत्र केकाटतं. शाळा-कॉलेजच्या आवारात नेता येत नाही, म्हणून नातवाच्या स्नेहसंमेलनाला शेठ गाडीतच बसतात आणि व्हिडिओ कॉलवर नातवाचा कोळीनाच बघतात. दशक्रियेला नदीवर गेले की आंघोळीच्या वेळी ते कुणाच्या हातात द्यायचं, हा प्रश्न पिंडाला कावळा शिवण्यापेक्षा अवघड होऊन बसतो. परवाना त्यांच्या नावाचा, दुसऱ्याच्या हातात द्यायला शेठ धजत नाहीत. मागच्या दशक्रियेला शेठनी आंघोळच केली नाही. गेलेला चुलता आजही स्वप्नात येतो.

हळदीला मात्र शेठना जपावं लागतं. डीजेवर आवडतं गाणं लागलं की पोरं ओरडतात, “शेठ, एक बार! हवेत!” शेठचा हात कंबरेशी जातो आणि तिथंच थांबतो. २०१९ साली शस्त्र कायदा बदलला. एकाला तीनऐवजी दोनच हत्यारं, परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षं, आणि आनंदाच्या भरात गोळी झाडून कुणाचा जीव धोक्यात घातला तर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. शेठना कलम पाठ आहे, कारण वहिनींनी ते दाखल्याशेजारी डकवलंय. शिवाय २०२४च्या जुलैत मुळशीतल्या धडवलीच्या शिवारात शेतकऱ्यांपुढं पिस्तूल नाचवल्याची चित्रफीत देशभर फिरली आणि पुढं पोलीस, अटक, कोर्ट सगळं झालं. तेव्हापासून शेठचा नमस्कार दोन बोटं खाली आलाय.

त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा अपमान त्याच वर्षी झाला. लोकसभा लागली. निवडणुकीत हत्यारं पोलिसांत जमा करतात. पण सरसकट नाही, समिती छाननी करून ठरवते की कुणाचं जमा करून घ्यायचं. शेठ नोटिशीची वाट बघत राहिले. शेजारच्या गावच्या शेठला आली, यांना नाही. म्हणजे समितीच्या मते शेठपासून लोकशाहीला काही धोका नाही! शेठ दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी पाच गाड्या घेऊन स्वतः पौड ठाण्यात गेले आणि “माझं जमा करा,” म्हणून हटून बसले. ठाणे अंमलदारानं कंटाळून पावती दिली. ती पावती पोरांनी स्टेटसला ठेवली, खाली ‘शब्दाला पक्के, कायद्याला मानणारे’. नोव्हेंबरात विधानसभा आली, तेव्हा शेठ आचारसंहिता लागायच्या आधीच ठाण्यात हजर. मधले दिवस कंबर इतकी मोकळी वाटायची, की शेठ मोबाइल म्यानात घालून फिरायचे. नमस्कार तसाच.

शेठच्या रिव्हॉल्वरनं आजवर कुणाचं काही बिघडवलेलं नाही आणि शेठचं काही वाचवलेलंही नाही. त्यांच्यावर संकटं येतात ती वेगळीच. मोजणीची नोटीस येते, रिंगरोडची रेषा बंगल्याच्या कोपऱ्यातून जाते, चुलतभावाचा वकील पुढची तारीख घेतो, बिल्डरचा चेक वटत नाही. यांतल्या एकालाही बत्तीस बोअरचा धाक नाही. चोराचा धोका मात्र वाढलाय, कारण बंगल्यात आता चोरण्यासारखी एक वस्तू जास्त आहे. म्हणून वहिनींनी रिव्हॉल्वर एका कपाटात आणि काडतुसं दुसऱ्या कपाटात ठेवायला लावलीत. शेठ दिवसभर जे घेऊन फिरतात, ते रिकामं असतं.

तेव्हा मुळशीकडं येणाऱ्या तमाम शत्रूंना विनंती आहे. शेठवर हल्ला करायचाच असेल तर आदल्या दिवशी फोन करून या. काडतुसांच्या कपाटाची किल्ली वहिनींकडं असते, आणि वहिनी गुरुवारी मठात जातात.