बल्ब कुणी घालायचा?

“अगं, तुमच्या धाकटीच्या शाळेत म्हणे फळाच काढून टाकला?”

कुंपणापलीकडून बाईंनी विचारलं आणि मी ओळखलं, आज भाजी फोडणीला पडायला उशीर होणार. बाई म्हणजे आमच्या शेजारीण. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाल्या त्याला बरीच वर्षं झाली, पण निम्मं गाव त्यांच्या हाताखालून गेलेलं. त्यामुळं आमच्याच घरातली बातमी आमच्याआधी त्यांच्याकडं पोचते.

“काढला नाही हो बाई, बाजूला सरकवलाय. मधोमध आता स्मार्ट बोर्ड. दिसायला टीव्ही, पण त्यावर बोटानं लिहिता येतं.”

“आणि फी?”

“वाढवली की. डिजिटल शुल्काची वेगळी पावती आहे.”

“वेगळी पावती फाडली ना, मग बोर्ड आलाच असणार,” असं म्हणून त्यांनी शेवग्याच्या शेंगांची जुडी मेंदीवरून माझ्या हातात दिली. बाईंचं हे असंच. एका हातानं शेंगा, दुसऱ्या हातानं टोमणा.

मी शाळेची बाजू घेतली. पैसे आपणच भरलेत म्हटल्यावर घ्यावीच लागते. म्हटलं, “परवा पोरीनं मला हृदय कसं चालतं ते समजावून सांगितलं. झडप कधी उघडते, कधी मिटते, सगळं. आम्ही काय केलं? चार कप्पे काढले, एका बाजूला निळा रंग, एका बाजूला तांबडा, आणि पाच मार्क घेतले. रक्त कुठून कुठं जातं ते मला आत्ता पोरीमुळं कळलं. तिनं ते हलताना बघितलंय.”

“ते शंभर टक्के मान्य. पृथ्वी सूर्याभोवती फिरते हे मी नारळ आणि कंदील घेऊन शिकवायची. मागच्या ओळीतल्यांना नुसता नारळ दिसायचा. मला त्या वेळी असलं काही मिळालं असतं ना, तर मी नाचले असते.” बाई थांबल्या. “पण मला सांग, हृदय शिकवलं कुणी? मॅडमनी की बोर्डानं?”

इथं माझी पंचाईत झाली. कारण धाकटी घरी मॅडमची नक्कल करते ती अशी: “सगळे समोर बघा. आवाज नको.” मग बटण. मग व्हिडिओ. मग पुन्हा बटण. धडे कंपनीकडून तयार होऊन येतात. कुणी मध्येच हात वर केला तर मॅडम म्हणतात, पुढच्या व्हिडिओत येईल ते. पोरीनं विचारलेलं अजून आलेलं नाही. तिला एवढंच हवं होतं, की माणूस झोपल्यावर हृदय हळू चालतं का.

“चालतं, म्हणावं तिला,” बाई म्हणाल्या. “आणि स्वतःची नाडी मोजायला सांग. जागेपणी, पळून आल्यावर, आणि सकाळी अंथरुणातून उठायच्या आधी. त्याला कुठलंही शुल्क नाही.”

मग त्यांची गाडी जुन्या रुळावर गेली. ती तशी जायचीच होती.

“आमच्या शाळेत रंगीत टीव्ही आला होता, माहिती आहे? 1984 साली पुण्यात बालचित्रवाणी सुरू झाली, शाळेच्या मुलांचे कार्यक्रम करायला. चांगले असायचे गं! पण कार्यक्रमाच्या वेळेला आमच्याकडं वीज नसायची आणि वीज असायची तेव्हा कार्यक्रम नसायचा. हेडसरांनी टीव्हीला लाकडी पेटी करून घेतली. तिला कुलूप. किल्ली त्यांच्या घरी. पेटी उघडायची ती पंधरा ऑगस्टला, नाहीतर क्रिकेटची मॅच असली की. एका वळवात अँटेना पडला, तो पुन्हा कुणी उभा केला नाही. ती बालचित्रवाणीसुद्धा 2017 ला बंद झाली.”

“आणि तो प्रोजेक्टर? त्याला तर आमच्या यांनीही वर्गणी दिली होती.”

“प्रोजेक्टरचं नाव काढू नकोस.”

नाव काढलंच होतं, म्हणून त्यांनी सगळं सांगितलं. 2015 च्या जूनमध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’चा जीआर निघाला आणि गावोगाव डिजिटल शाळेची लाट आली. खेड्यातल्या लोकांनी खरंच मन मोठं करून पैसे दिले. कुणी ऊसबिलातून, कुणी भिशीतून. यात्रेच्या वर्गणीला खळखळ करणाऱ्यांनी शाळेला दिले, हे मी स्वतः पाहिलंय. बाईंच्या शाळेतही प्रोजेक्टर बसला. मंडप, हार, फीत, फोटो. पहिलं वर्ष पोरं हरखून गेली, गैरहजेरी कमी झाली. दुसऱ्या वर्षी बल्ब गेला.

“बल्ब म्हणजे काय घरातला झीरोचा नव्हे. काही हजारांचा. शाळेच्या सादिल खर्चात बसेना. पंचायत समितीत विचारलं तर म्हणे, याला खर्चाचं हेडच नाही. फीत कापायला सभापती, सदस्य, सरपंच, झाडून सगळे हजर होते. बल्बाचं नाव काढलं की एकाचाही फोन लागेना. तेवढ्यात शाळेचं वीजबिल थकलं. आमचं मीटर राहिलं, पण कितीतरी शाळांची वीजच तोडली. मीटर काढून नेलेल्या शाळेच्या भिंतीवर रंगवलेलं असायचं, ‘डिजिटल शाळा’.”

मी म्हटलं, “म्हणजे सगळं फुकटच गेलं म्हणा.”

“असं मी म्हटलं का?” बाई एकदम शिक्षिका झाल्या. “परितेवाडीचं काय झालं मग? आपल्या शेजारच्याच सोलापूर जिल्ह्यात आहे. ते डिसले गुरुजी. 2020 साली जगातले उत्तम शिक्षक म्हणून दहा लाख डॉलरचं बक्षीस मिळालं, आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी शेवटच्या फेरीतल्या बाकीच्या नऊ जणांना वाटून टाकली. ते शाळेवर आले तेव्हा शाळा होती गोठ्याला लागून. पोरांच्या घरात कानडी, पुस्तक मराठी. त्यांनी काय केलं, आधी धडे पोरांच्या बोलीत आणले. मग पुस्तकावर क्यूआर कोड चिकटवले. फोन धरला की कविता ऐकू येणार, धडा दिसणार. आता बालभारतीच्या पुस्तकांवर ते चौकोनी ठिपके असतात की नाही? त्या माणसाला आधी पोरांची अडचण सापडली होती. तुमच्या शाळेत बोर्ड आधी आलाय, आता त्याच्यासाठी काम शोधतायत.”

एवढ्यात आमच्या सासूबाई आतून म्हणाल्या, शेंगा आज शिजणार आहेत की उद्या? मी ऐकलं नसल्यासारखं केलं.

कारण माझं खरं दुखणं बोर्ड नव्हेच. माझं दुखणं गृहपाठ. गृहपाठ आता वहीत नसतो, व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर येतो, तोही रात्री आठला. म्हणजे पोरीच्या हातात फोन द्यायचा. शाळाच सांगते म्हटल्यावर नाही कसं म्हणायचं? ती गृहपाठ उतरवते पाच मिनिटं आणि पुढं पाऊण तास बोट नुसतं वर-वर सरकत असतं. करोनात ही सवय लागली ती लागलीच.

“करोनाचं मात्र वेगळं,” बाई म्हणाल्या. “तेव्हा दुसरा इलाज नव्हता. ‘शाळा बंद, शिक्षण सुरू’ म्हणत होते. पण घरात फोन एक, तो बापाबरोबर रानात नाहीतर कारखान्यावर. पोराला मिळणार रात्री नऊला, तेव्हा बॅटरी संपलेली. त्यापेक्षा सह्याद्रीवर ‘टिलीमिली’ लागायचं ते बरं होतं. पहिलीपासून आठवीपर्यंत, रिचार्ज नको, काही नको. पालघरकडं तर पाड्यांवर लाऊडस्पीकर लावून शिकवलं. ते बघितलं की वाटतं, जुनं यंत्र म्हणून नाक मुरडू नये.”

“आता फोन काढून घेतला तर रडारड होते हो.”

“मोहित्यांच्या वडगावला जा राहायला!”

हे आमच्याच कडेगाव तालुक्यातलं गाव. 2022 पासून तिथं संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजतो आणि दीड तास घरोघरचे टीव्ही-मोबाईल बंद. पोरं अभ्यासाला बसतात, मोठी माणसं निदान फोन लपवतात. माझी आतेनणंद त्या बाजूला दिलेली आहे. ती म्हणते, पहिले काही दिवस मालिका बुडाल्या म्हणून बायकाच जास्त कुरकुरल्या. मला त्या बायकांबद्दल सहानुभूती आहे, हे इथं सांगून ठेवते.

बाई पेपर शेवटच्या पानापर्यंत वाचतात. म्हणाल्या, “‘असर’ म्हणून शिक्षणाची पाहणी होते ना, तिच्या 2024 च्या अहवालात होतं. खेड्यातली चौदा ते सोळा वर्षांची पोरं, शंभरातल्या 82 जणांना स्मार्टफोन चालवता येतो. येतो त्यांच्यातल्या 57 टक्के पोरांनी आठवड्याभरात तो अभ्यासाला वापरला, आणि 76 टक्क्यांनी सोशल मीडियाला. आणि माझी भाची स्वीडनला आहे ना, ती सांगत होती, तिकडं उलटा वारा सुटलाय. बालवाडीतली टॅबची सक्ती काढायचं ठरवलं, आणि 2023 साली सरकारनं छापील पुस्तकांसाठी 68 कोटी 50 लाख क्रोनर काढले.”

हे मला पटलं नाही, आणि मी तसं सांगितलं. स्वीडनच्या पोरांना पुस्तकाचा कंटाळा येण्याइतकी पुस्तकं तरी मिळाली होती. आपल्याकडं ग्रंथालयाच्या कपाटालाही कुलूपच. त्यांनी टॅब सोडला म्हणून आपण सोडायचा, तर आपल्या पोरांच्या हातात उरणार काय?

बाईंनी क्षणभर विचार केला. “हे बरोबर बोललीस,” म्हणाल्या. बाई असं सहसा म्हणत नाहीत. पण हार मानून गप्प बसणं त्यांच्या स्वभावात नाही. “माझी पुतणी शिक्षिका आहे ना, ती म्हणते, आत्या, वर्गात सगळ्यात जास्त फोन वापरते ती मी. हजेरी ऑनलाइन. पोषण आहारात किती जेवले ते ऑनलाइन. झाड लावलं, फोटो. दिन साजरा केला, फोटो. फोटो वर गेला नाही तर केंद्रप्रमुखांचा फोन. पोरं समोर बसलेली आणि ही रेंज शोधत व्हरांड्यात. शिक्षकांचा तो मोर्चा उगाच निघाला का, ‘आम्हाला शिकवू द्या’ म्हणून?”

मग मी त्यांना कोपऱ्यावरच्या घरातली गंमत सांगितली. त्यांच्या नातवानं ‘माझी आजी’ हा निबंध फोनमधल्या एआयकडून लिहून घेतला. निबंध सुरेख. त्यातली आजी आरामखुर्चीत बसून चष्मा पुसत परीकथा सांगते आणि नातवंडांसाठी केक करते. खरी आजी त्या वेळी परड्यात भुईमुगाच्या शेंगा तोडत होती. तिला वाचून दाखवल्यावर ती म्हणाली, बाई चांगली दिसतेय, कुणाची आहे? शाळेत त्याला दहापैकी नऊ मिळाले.

बाई इतक्या हसल्या की कुंपणाला धरून उभ्या राहिल्या. मग डोळे पुसून म्हणाल्या, “एक मार्क कशाचा कापला?”

“शुद्धलेखनाचा. वहीत उतरवताना चुकला.”

“म्हणजे तेवढं तरी त्याचं स्वतःचं होतं.”

सासूबाईंची दुसरी हाक आली. तिसरीची वाट बघू नये, हा आमच्या घरचा नियम. जाता जाता म्हटलं, “शनिवारी पालकसभा आहे. काय विचारू?”

“बोर्ड बंद पडला तर दुरुस्ती कुणाच्या पैशानं, ते विचार. व्हिडिओ थांबवून पोरांचं ऐकायला मॅडमना परवानगी आहे का, ते विचार. आणि गृहपाठ दुपारीच वहीत उतरवून द्या म्हणावं. पण उभी राहून, तोंडानं विचार. ग्रुपवर टाकू नकोस. तिथं जोडलेल्या हातांची रांग लागेल आणि उत्तर एकही येणार नाही.”