आजीची कात

मुठा खोऱ्यात लावणी उरकली, की आजी ओढ्याकाठच्या एका खरबरीत दगडावर अशा निगुतीने टाचा घासत बसायची, की वाटावे, बाई देव्हाऱ्यातले देव उजळते आहे. पंधरा-वीस दिवस खाचरातल्या चिखलात मुरलेली ती पावले. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या, आणि टाचांना भेगा अशा, की मुठा घाटाची वळणे त्यांवरून सहज शिकवता आली असती. घरात पितळी वज्री होती, पण ती पाहुण्यांसाठी. परक्या टाचांची एवढी बडदास्त मी दुसऱ्या घरात पाहिली नाही. रात्री चुलीच्या धगीवर कोकमाचे तेल पातळ करून भेगांत भरले जाई. मुठीत वळून गोळे करतात म्हणून कोकणात त्याला मुठेल म्हणतात. मी मात्र कित्येक वर्षे ते आमच्या मुठ्याचेच समजत होतो, कोकणाने उसने नेलेले.

दगडावरून पाण्यात उतरणारी ती पांढुरकी भुकटी म्हणजे खुद्द आजीच, हे फार उशिरा कळले. बाह्यत्वचेच्या तळाशी नव्या पेशी जन्मतात आणि आधीच्यांना वर रेटतात. चढता चढता त्या चपट्या होतात, केराटिनने भरतात, केंद्रक हरवून बसतात आणि मरतात. मेल्यावरच त्यांची खरी चाकरी सुरू होते : ऊन अडव, पाणी अडव, काटा झेल. मग गळून जायचे. सगळा प्रवास चार ते सहा आठवड्यांचा, म्हातारपणी थोडा रेंगाळणारा. आषाढीला पायी पंढरपूर गाठून पायीच परतणारा जुना वारकरी बहुधा नव्या कातडीनेच उंबऱ्यात उभा राहत असेल, आणि बायको मात्र त्याच जुन्या माणसावर डाफरत असेल. साप अख्खी कात एकदम टाकतो म्हणून त्याचा केवढा बोभाटा! आपण ती मोडीच्या नाण्यांसारखी सुटी सुटी खर्चतो. आजीची चिल्लर ओढ्यातून मुठेत, मुठेतून खडकवासल्यात जायची. आणि तिथले पाणी पिऊन आम्ही पुण्याचे झालो.

एक गोष्ट तेवढी कधी गळाली नाही. मनगटाच्या आत आजोबांचे नाव गोंदलेले होते. उखाण्याखेरीज जे ओठांवर आणायचे नाही, ते तिने हातावर बिनदिक्कत वागवले. लग्नानंतरच्या पासष्ट वर्षांत त्यावरची कातडी सहा-सातशे वेळा तरी बदलली असेल. गोंदणाची शाई बाह्यत्वचेच्या खाली उतरते. तिथे शरीराच्या पहारेकरी पेशी तिला शत्रू समजून गिळतात, पण पचवू शकत नाहीत. २०१८मध्ये उंदरांवरच्या प्रयोगात दिसले, की असा पहारेकरी मेला, की शाई सुटते आणि नवा पहारेकरी तीच पुन्हा गिळतो. पाटीलकीचे वतन बापाकडून लेकाकडे जावे, तसा आजोबांच्या नावाचा ताबा कुणाकडून कुणाकडे गेला असेल, कोण जाणे.

गोंदणारणीला लिहिता येत नसावे, आजीला वाचता येत नव्हते. त्यामुळे नावातली एक वेलांटी राहून गेली होती, हे मी दुसरीत असतानाच ओळखले. आजी मनगट पुढे करी, “बराबर हाय ना रं?” मी हो म्हणे, आणि ती बांगड्या खाली ओढून घेई. पुढे वयाबरोबर शाई फुटली, अक्षरे पसरली, आणि त्या निळसर धुरकट डागात, जिथे हवी होती तिथेच, वेलांटीसारखे काहीतरी दिसू लागले.