दीड फुटावरची कबुली

परवा पुन्हा पट्टी फिरली : 'आरोपीची कॅमेऱ्यासमोर कबुली, फक्त आमच्याकडे.' चारही वाहिन्यांवर ती फक्त त्यांच्याचकडे होती.

दृश्य तेच. कल्याण कोर्टाच्या दारात गाडी लागते, कैदी पार्टी उतरते, मध्ये काळा बुरखा घातलेला इसम, एका हाताला बेडी, दुसऱ्या हाताला हवालदार. आणि बुरख्याच्या खालून, हनुवटीच्या अंगाने, वाहिनीचा एक बूम माईक आत शिरतो. बुरखा अशासाठी की पुढे ओळख परेड व्हायची आहे, साक्षीदाराने चेहरा आधी पाहता कामा नये. चेहऱ्याची एवढी काळजी! तोंडाची मात्र कोणालाच नाही. "का केलंस? पश्चात्ताप होतोय का?" आतून 'हं' असं काहीतरी येतं. खोकलाही असेल. संध्याकाळपर्यंत त्या 'हं'ची लाल अक्षरांत कबुली होते आणि मागे ढँण्ण वाजतं.

रात्री जेवणं आटोपली की डोंबिवलीतल्या तमाम सोसायट्यांच्या ग्रुपवर निकाल लागतो. "कबूल केलंय ना? मग खटला कशाला? आधारवाडीच्या तुरुंगात फुकट जेवण कशाला?" हे लिहिणाऱ्या सेक्रेटरीने लिफ्ट दुरुस्तीच्या पैशांचं काय झालं ते अजून कबूल केलेलं नाही, पण त्याच्या हनुवटीखाली बूम घालायला कोण जाणार?

1872 साली पुराव्याचा कायदा करणारे गोरे साहेब भाबडे नव्हते. स्वतःच नेमलेल्या पोलिसांवरही त्यांनी विश्वास टाकला नाही. पोलिसापुढची कबुली आरोपीविरुद्ध चालणार नाही. पोलिसांच्या ताब्यात असताना दुसऱ्या कोणापुढे दिली तरी चालणार नाही, दंडाधिकारी तिथे जातीने हजर असल्याशिवाय. ही कलमं 25 आणि 26. 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष अधिनियम आला आणि दोन्ही कलमं 23 मध्ये जाऊन बसली. अर्थ तोच. 'दुसऱ्या कोणापुढे' यात बूमवालाही येतो, चहावालाही येतो. ताब्यातल्या आरोपीने दिलेल्या माहितीवरून पत्रीपुलाखाली सुरा सापडला, तर त्या शोधापुरतं त्याचं बोलणं चालतं. बूमच्या फोममधून अजून सुरा निघाल्याचं ऐकिवात नाही. 2005 साली संसद हल्ल्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांच्या ताब्यात असताना झालेल्या मुलाखतीला पुरावा म्हणून काडीचंही वजन द्यायला नकार दिला. त्याला वीस वर्षं उलटली. बूम अजून हनुवटीखालीच आहे.

बरं, अटकेच्या आधीच एखादा आपल्या पायांनी स्टुडिओत जाऊन बोलला, तर? तर ती न्यायालयाबाहेरची कबुली. ती चालते, पण कमजोर पुरावा म्हणून. ती स्वेच्छेची होती का आणि तिला दुसऱ्या पुराव्याचा आधार आहे का, हे न्यायालय बघतं, आणि एक प्रश्न हमखास येतो : याने यालाच का सांगावं? आता पिंजऱ्यात वार्ताहर उभा करा आणि उलटतपास ऐका.

"आरोपी तुमच्या पूर्वीच्या ओळखीचा?"

"नाही."

"मग त्याने तुम्हाला खून का सांगितला?"

"मी विचारला म्हणून."

"तुम्ही त्याच्या किती जवळचे?"

"दीड फूट."

दीड फूट! कायद्याला अपेक्षित जवळीक म्हणजे मामा, जुना दोस्त, चाळीतला एखादा जाणता माणूस, ज्याच्यापुढे माणूस रात्री येऊन रडतो. दीड फुटाला जवळीक म्हणायचं तर संध्याकाळी ठाण्याला कल्याणची फास्ट पकडणारे आम्ही सगळे एकमेकांचे सख्खे भाऊ झालो. तिथे तर दीड फुटात तीन माणसं आणि एक छत्री मावते, शेजाऱ्याचा श्वास आपल्या मानेवर असतो, त्याच्या डब्यात सकाळी कोणती भाजी होती तेही कळतं. आणि तरी डोंबिवली येईस्तोवर कोणी कोणाला खून सांगितलेला नाही. बसलेला माणूस कुठे उतरणार तेवढं सांगतो, आणि तेही खोटं.

शिवाय रेकॉर्डिंगला प्रमाणपत्र लागतं. पूर्वी 65-ब, आता कलम 63 : एक भाग यंत्र ज्याच्या ताब्यात होतं त्याचा, दुसरा तज्ज्ञाचा, वर फाईलचा हॅश क्रमांक. वाहिनीकडे असते कापाकापी केलेली, ढँण्णसकट फाईल. मूळ चित्रण? त्या कार्डावर नंतर तलावपाळीचं विसर्जन घेतलं.

खरी कबुली नोंदवायची तर दंडाधिकारी असतात. नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 183. कबुली देणं तुझ्यावर बंधनकारक नाही, दिलीस तर तुझ्याविरुद्ध वापरली जाईल, हे ते आधी समजावतात आणि विचार करायला साधारण 24 तास देतात. बूमवाला ब्रेकपर्यंतचा वेळ देतो.

आणि हा बूम जातो कोणाकडे, तेही बघा. ठाण्याच्या कोर्ट नाक्यावर काळ्या काचांची गाडी थांबते, जामिनावरचे साहेब उतरतात, पुढे वकील, मागे कार्यकर्ते. आता तोच बूम सहा फुटांवर उभा, आणि 'का केलंस'चं झालेलं असतं, "सर, सर, काय सांगाल?" सर सांगतात, न्यायव्यवस्थेवर पूर्ण विश्वास आहे. या वाक्याखाली ढँण्ण वाजत नाही. संविधानाचं कलम 20(3) म्हणतं, आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायची सक्ती नाही. ते कलम बेडीवाल्यालाही आहे आणि काळ्या काचवाल्यालाही, पण त्याचा खर्च वकिलाच्या फीमध्ये धरलेला असतो, आणि बेडीवाल्याला आपला वकील कोण हेच त्या दिवशी माहीत नसतं. चीड त्याहून वेगळ्या गोष्टीची येते. ज्यांच्या घरातलं माणूस खरोखर मारलं गेलं, तेही टीव्हीपुढे बसून ही कबुली ऐकतात आणि त्यांना वाटतं, सुटलो, आता शिक्षा होणार. कॅमेऱ्यांपुढे बुरखा मिरवण्यात जे दोन दिवस जातात, त्या दोन दिवसांत चौकातलं सीसीटीव्ही चित्रण पुसलं जातं, पंच म्हणून नाक्यावरचा जो सापडेल तो उभा केला जातो, तो पुढे फितूर होतो, आणि काही वर्षांनी निर्दोष सुटकेची बातमी पाणीकपातीच्या खाली चार ओळींत येते. मग हेच घरचे विचारतात, अहो, पण त्याने टीव्हीवर कबूल केलं होतं ना? त्यांना उत्तर द्यायला तिथे कोणी वार्ताहर नसतो. ग्रुपवरचा सेक्रेटरी मात्र असतो. तो लिहितो, कोर्टं विकली गेली.

कधीतरी सरकारी वकिलाला सुचतं की बूमवाल्याला साक्षीला बोलवावं. समन्स घेऊन हवालदार वाहिनीच्या पत्त्यावर जातो, तिथे आता जिम असते. शोधत शोधत तो शिळफाट्यापुढे पोचतो, तर बूमवाला एका बिल्डरच्या सेल्स ऑफिसात टाय लावून बसलेला. समन्स हातात घेऊन तो म्हणतो, मला आता काही आठवत नाही साहेब. पण आलाच आहात तर सॅम्पल फ्लॅट बघून जा.