बचत त्यांची, वास सोसायटीचा

रविवारी सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये एखाद्या मोटारीची मागची सीट उपटून भिंतीला टेकवलेली दिसली, की खुशाल समजावं, कुणीतरी फ्युएल पंप बदलतंय. मालक बर्म्युडावर असतात. मोबाइल दाराच्या खाचेत उभा केलेला असतो आणि त्यात टेक्सासकडचा कुणी दाढीवाला गृहस्थ हसत हसत सांगत असतो, की काम अर्ध्या तासाचं आहे. गृहस्थ खोटं बोलत नाही. फक्त त्याच्यामागे मोकळं अंगण दिसतं आणि शेजाऱ्याचं घर पार क्षितिजावर. आपल्या मालकांच्या डोक्यावर सात मजले असतात, त्या सात मजल्यांत माणसं झोपलेली असतात आणि चार पावलांवर सगळ्या इमारतीचे विजेचे मीटर फिरत असतात.

मालकांची बाजू आधी सांगून टाकतो, कारण तिच्यात दम आहे. सर्व्हिस सेंटरमध्ये पंप गेला म्हटलं, की नुसती मोटर सहसा मिळत नाही. मोटर, गाळणी, प्रेशर रेग्युलेटर, पेट्रोलचा काटा हलवणारा फ्लोट असं अख्खं बिऱ्हाड विकत घ्यावं लागतं. नाना पेठेत तीच मोटर सुटी मिळते. (ती अस्सल असते की फक्त खोका अस्सल असतो, हे विचारायचं नसतं.) शिवाय बऱ्याच गाड्यांत मागच्या सीटखाली झाकण असतं. चार स्क्रू, एक कनेक्टर, एक-दोन नळ्या आणि एक मोठी रिंग निघाली, की पंप हातात. ज्यांच्या गाडीत हे झाकण नसतं त्यांना पूर्ण टाकीच खाली उतरवावी लागते आणि ही माहिती त्यांना सीट उपटून झाल्यावर मिळते.

एके काळी हे काम खरोखरच रस्त्याच्या कडेला होत असे. पद्मिनी आणि अ‍ॅम्बेसेडरचा पंप इंजिनाच्या अंगालाच बसवलेला असायचा. कॅमशाफ्ट त्याचा दांडा हलवी, आतला रबरी डायफ्राम वरखाली होई आणि मागच्या टाकीतून पेट्रोल ओढलं जाई. दोन नट सैल केले, पॅकिंग बदललं, झालं. मे महिन्यात खंडाळ्याच्या घाटात गाडी धापा टाकायला लागली, तर तेही लागत नसे. तापलेल्या पंपात पेट्रोलची वाफ व्हायची, आणि द्रव ओढायला केलेल्या पंपाला वाफ काही आवरत नाही. मग फडकं ओलं करायचं, पंपावर टाकायचं आणि तोवर कणसं खायची. त्या एका ओल्या फडक्यावर अख्खी पिढी स्वतःला मेकॅनिक म्हणवून गेली. तो आत्मविश्वास वारसाहक्काने खाली आला. पंप मात्र दरम्यान टाकीत जाऊन बसला.

तो तिथे गेला त्यालाही ते घाटच कारण. दुरून ओढलं, तर पेट्रोल वाटेत उकळतं. टाकीतूनच दाबाने पुढे ढकललं, तर ती कटकट राहत नाही. इंजेक्शनच्या साध्या पेट्रोल गाडीत हा दाब तीन-चार बार असतो, म्हणजे चाकातल्या हवेच्या साधारण दीडपट. आता गंमत अशी, की ही विजेची मोटर पेट्रोलमध्ये बुडून फिरते. तिच्या ब्रशांतून ठिणग्या उडतात, तरी काही पेटत नाही, कारण आत पेटायला पुरेशी हवाच नसते. पेट्रोलची वाफ हवेत साधारण १.४ ते ७.६ टक्के असेल तरच पेट घेते. टाकीतलं प्रमाण त्याच्या कितीतरी वर असतं. ते खाली आणून बरोबर त्या पट्ट्यात बसवायचं असेल, तर काय करावं? झाकण उघडावं.

पेट्रोलला वाफ सोडायला ऊनही लागत नाही. उणे चाळीस अंशांच्या आसपासही ते पेटण्याइतकी वाफ देतं, पुण्याच्या थंडीचं त्याला काय! ही वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड. ती वर जाऊन विरत नाही, जमिनीलगत पसरते, उतार शोधते. बेसमेंट पार्किंगमध्ये तर उतार शोधायचीही गरज नाही. तिकडे लिफ्टची मोटर, मीटर रूमचे स्विच, पाण्याचा पंप आपोआप चालू करणारा रिले अशी मंडळी वाट बघत असतात. बाजूला तिसऱ्या मजल्यावरचे काका सिगारेट पेटवून विचारतात, ‘‘काय, पेट्रोलचा वास येतोय का हो?’’

तरी टाकीत पेट्रोल किती आहे, हा प्रश्न अजून आलेला नाही. टाकी उतरवायची म्हणजे ती आधी रिकामी करायला हवी. पाण्याच्या रिकाम्या बाटल्या जमवल्या जातात, बादली येते, रबरी नळी येते आणि कुणीतरी ती तोंडाने ओढायला निघतं. ते पेट्रोल पोटात गेलं तर एक वेळ परवडलं, फुप्फुसात गेलं तर थेट दवाखाना. १९३४ च्या पेट्रोलियम कायद्याने साध्या नागरिकाला बिनपरवाना तीस लिटरपर्यंत पेट्रोल बाळगायची मुभा दिली आहे, तीही धड भांड्यात. लहान मोटारीची टाकी पस्तीस-सदतीस लिटरची. म्हणजे परवा महागाईच्या भीतीने टाकी फुल्ल केलेले गृहस्थ आज दुपारपर्यंत सोसायटीत विनापरवाना पेट्रोल डेपो चालवत असतात.

सोसायटीच्या कमिटीचं याकडे लक्ष नसतं असं म्हणणं अन्याय होईल. पार्किंगच्या खांबावर ठळक पाटी आहे : ‘येथे गाडी धुण्यास सक्त मनाई आहे.’ पाण्याचा प्रश्न सेक्रेटरींच्या जिव्हाळ्याचा. टाकी उघडण्याबद्दल पाटीवर काही नाही, म्हणून वॉचमनही काही बोलत नाही; तो टॉर्च धरतो. लिफ्टशेजारी लाल सिलिंडर टांगलेलं आहे. राज्याच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्याप्रमाणे दर जानेवारीत आणि जुलैत आग विझवण्याची यंत्रणा ठाकठीक असल्याचा दाखला द्यायचा असतो. दाखला फायलीत आहे. सिलिंडरवर कुणाचा तरी रेनकोट वाळतोय.

वाचलेले पैसे एका घरात जातात आणि धोका चौपन्न फ्लॅटमध्ये समान वाटला जातो. सहकाराचं इतकं शुद्ध उदाहरण सहकार खात्यालाही सापडलं नसेल.

बरं, ही सगळी उठाठेव पंपासाठी असते का? निम्म्या वेळा पंप बिचारा निर्दोष असतो. चावी ऑनवर आणली की मागून दोन-तीन सेकंद बारीक गुणगुण ऐकू येते. ती आली नाही, की लगेच पंप मेल्याची द्वाही फिरते. फ्यूज कुणी बघत नाही. रिले काढून शेजारचा त्याच नंबरचा रिले लावून बघायला मिनिटभर लागतं, तेही कुणी करत नाही. पार्किंगमधल्या उंदरांनी वायर कुरतडली असेल, हा विचार तर मनालाही शिवत नाही. सीट मात्र तत्परतेने निघते. फ्यूज बदलणाऱ्याला बायको पराक्रमी म्हणत नाही, हे त्यामागचं खरं कारण असावं.

काकांचा सल्ला याहून सोपा असतो : ‘‘टाकीला खालून एक ठोसा द्या.’’ गंमत म्हणजे हा कधी कधी लागू पडतो. झिजलेले ब्रश जागचे हलतात, मोटर पुन्हा फिरते आणि गाडी गॅरेजपर्यंत पोचते. त्या दिवसापुरती.

पंप खरोखरच गेला असेल, तर त्याला मारणारा बहुतेक वेळा सीट उपटणाराच असतो. पेट्रोल हेच त्या मोटरचं थंडावा देणारं पाणी आणि तेच तिचं वंगण. पण आमच्याकडे काटा लाल पट्टीवर आल्याशिवाय पंपावर वळायचं नाही, आणि वळल्यावर ‘दोनशेचं टाक’ म्हणायचं, असा रिवाज. तळातला गाळ गाळणीवर बसतो, मोटर तापते आणि झिजते. सीएनजीवाले तर त्याहून हुशार. गॅसच्या रांगेत तासभर उभे राहतील, पण टाकीत पाच लिटर पेट्रोल ठेवायचं जिवावर येतं. बाहेरून बसवलेल्या पुष्कळ किटमध्ये गाडी गॅसवर पळतानाही हा पंप फिरतच राहतो, हे त्यांना कुणी सांगत नाही.

इतकं सांगूनही ज्यांना करायचंच आहे, त्यांनी गाडी ढकलत का होईना उघड्या मैदानात न्यावी. टाकी पावभर असताना हात घालावा. गाडी अजून सुरू होत असेल, तर पंपाचा रिले काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्यावं, म्हणजे नळीतला दाब उतरतो. नाहीतर पहिली पिचकारी डोळ्यांत येते. मग बॅटरीची निगेटिव्ह वायर काढावी. रिंग लोखंडी छिन्नीने ठोकू नये, पितळ किंवा लाकूड वापरावं. ओ-रिंग नवी घालावी; जुनी पेट्रोल पिऊन फुगलेली असते आणि परत खाचेत बसत नाही. ती तशीच कोंबली, की पुढचे सहा महिने गाडीत वासाची अगरबत्ती लावून हिंडावं लागतं.

आणि त्याही आधी चासी नंबर घेऊन कंपनीच्या वेबसाइटवर बघावं. जुलै २०२० मध्ये मारुतीने वॅगन-आर आणि बलेनो मिळून १,३४,८८५ गाड्या फ्युएल पंपासाठी परत बोलावल्या होत्या. त्याच्या आदल्याच महिन्यात होंडाने ६५,६५१. पंप फुकट, मजुरी फुकट, बसायला एसी आणि चहासुद्धा. जगभर गाजलेल्या अशा रिकॉलमधलं एक दुखणं म्हणजे पंपाच्या आतली प्लास्टिकची चकती, जी पेट्रोल शोषून फुगते आणि अडकते. ऑक्टोबर २०२४ मध्ये होंडाने पुन्हा ९०,४६८ गाड्या बोलावल्या. त्या यादीला एक छोटी पुरवणी होती : २,२०४ जुन्या गाड्या, ज्यांच्यात हा सुटा भाग नंतर बदलून बसवला होता. त्यांना तो बदललेला बदलायला या म्हणून कळवलं होतं.